नाणेघाटातले पाय, रांजण आणि आमच्या वात्रटिका

घाटकरी:

मंडळी, जुलैत नाणेघाटात जाऊन आलो. फोटो टाकत नाही. फोटोत सगळं धुकंच आलंय. त्याऐवजी तिथे सुचलेल्या काही ओळी टाकतोय. कविता म्हणायचं धाडस नाही, वात्रटिका म्हणा.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल जुन्नरमार्गे पैठणला न्यायचा तो हा सातवाहनांच्या काळातला घाट, डोंगर फोडून केलेला. माथ्याजवळ एक लेणं आहे, भिंतींवर ब्राह्मी लिपीतला भलामोठा लेख आणि वर गेल्यावर दगडी रांजण. या रांजणात जकातीची नाणी टाकत असं सांगतात.

आम्ही वैशाखऱ्याकडून चढलो. बरोबर नऊ वर्षांची भाची. लेण्यात शिरल्यावर मी गंभीर चेहरा करून तिला सांगायला लागलो की हा लेख दोन हजार वर्षांचा, सातवाहन राणी नागनिकेचा वगैरे. ती भिंतीला नाक लावून उभी. मग म्हणाली, "मामा, यांनी अधिकची चिन्हं किती काढलीत! आणि ही बघ, बरोबरची पण आहेत." मला हसू आलं, पण पोरीचं निरीक्षण अचूक होतं. ब्राह्मीतला 'क' हुबेहूब अधिकच्या चिन्हासारखा असतो आणि दोन हा आकडा म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा. उतरताना तिनं हे रचलं, माझा हात फक्त तिसऱ्या ओळीला:

अधिक म्हणजे क
बरोबर म्हणजे दोन
नागनिकेच्या शाळेमध्ये
नापास होईल कोण?

तिथून मलाही चेव आला. रांजणापाशी बसून हे:

नाणेघाटी दगडी रांजण, तोंड अजूनी उघडे
कल्याणाहुन पैठण जाता नाणे आत खडखडे
आता रांजण काचेवरती चिकटुन बसला राजा
खडखड नाही, टुंग वाजते, खिसा मोकळा माझा

(फास्टॅग न वापरणाऱ्यांनी दुसऱ्या दोन ओळी सोडून द्याव्यात.)

लेण्याच्या मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन कुटुंबातल्या मंडळींच्या उठावाच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या. वर कोरलेली नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. तिथे बराच वेळ उभा राहिलो, आणि का कोण जाणे, अभंगाची चाल डोक्यात बसली:

मुकुट उडाले । धडेही उडाली ।
पावले राहिली । दरबारी ॥
आमुचे साहेब । खुर्चीत दिसती ।
पाय ना टेकती । जमिनीला ॥
घाटकरी म्हणे । बूट काढा राया ।
पावलांच्या पाया । पडू चला ॥

आणि पावसाळ्यातला तो उलटा धबधबा. वाऱ्याचा जोर असा की कड्यावरून पडणारं पाणी परत वर फेकलं जातं. त्याला छंदबिंद जमला नाही:

सगळं जग खाली पडतं
नाणेघाटात पाणी चढतं
आम्ही छत्री वरती धरतो
ते खालून येऊन गाठतं

तुमच्याकडे असलं काही असेल तर टाका. नाणेघाटाचंच हवं असं नाही, पण असेल तर उत्तम.

चहाबाज:

अगागा! "पावलांच्या पाया पडू चला" ही ओळ घेऊन चाललो. भाचीला एक चॉकलेट माझ्याकडून.
अवांतर: ब्राह्मीचा 'क' अधिकसारखा असेल तर आपण इथे उठसूट +1 लिहितो त्याचं वाचन "क एक" होणार. म्हणजे दोन हजार वर्षांनी कुणी हा धागा उकरला तर "हे लोक एकमेकांना क एक, क एक असं का म्हणत होते" यावर प्रबंध येईल.

मात्रामास्तर:

छान. आता मास्तरकी. रांजणाची कविता 16 आणि 12 मात्रांत बसते, मोजून पाहिली. "टुंग वाजते"ला तीन आणि पाच, चोख. अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरं पाळली आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकही. धबधब्याबद्दल मात्र एवढंच म्हणतो की पाणी उलटं चढलं म्हणून छंदानंही पळून जावं असा नियम नाही.

भाचीच्या कवितेला हात लावत नाही. तिला सगळं माफ.

कातळवेडी:

घाटकरी, मजा आली. दोन-तीन गोष्टी सांगते, त्यात कवितेला भरपूर कच्चा माल आहे.

पहिली म्हणजे मागच्या भिंतीवरची नावाची पाटी. "देवि-नायनिकाय रञो च सिरि-सातकनिनो" अशी आहे ती. म्हणजे देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी यांची. (आपण नागनिका म्हणतो, भिंतीवर नायनिका आहे.) नीट बघा, राणीचं नाव आधी, राजाचं मागून. आमच्या सोसायटीत अजून दारावरच्या पाटीवरून घरोघरी बैठका होतात.

दुसरी म्हणजे दक्षिणेचे आकडे. तो लेख बराचसा यज्ञांचा आणि त्यांत काय काय दिलं याचा जमाखर्च आहे. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना नमस्कार आणि मग यादी. अश्वमेधासारखे यज्ञ, एका ठिकाणी 1,700 गाई, 10 हत्ती, 17 चांदीच्या घागरी. पण मला सगळ्यात आवडतात ते 1,101 गाई आणि 10,001 गाई! वरचा तो एक बघा. आपण लग्नात पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवतो ना, तसा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसले होते, एकटीच, वाचनालयात.

आणि हे सगळे आकडे शून्याशिवाय लिहिलेत. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. आपल्याकडच्या अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांत हा लेख मोडतो, म्हणून गणितवाले त्याला इतके मानतात. सुमारे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला धरतात. 1828 मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याकडे लक्ष वेधलं आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यावर फार बारकाईनं काम केलं.

रांजणाबद्दल एक बारीक चिमटा: जकातीची गोष्ट परंपरेनं चालत आलेली आहे. लेखातली नाणी दक्षिणेची आहेत, रांजणातली नव्हेत. तेवढं "सांगतात" तुम्ही लिहिलंत म्हणून माफ.

ओवीताई:

कातळवेडी, तुझा प्रतिसाद वाचला आणि भाजी गॅसवर तशीच राहिली. हे घे, जात्यावरच्या चालीत म्हण:

पहिली माझी ओवी । घाटाच्या या राणीला
नाव आधी कोरलं । मागून ठेवलं धन्याला ॥

दुसरी माझी ओवी । गाई अकराशे दारात
एक वर बांधली । तीच भरते आहेरात ॥

तिसरी माझी ओवी । राणी हिशेबाला बसली
शून्य नव्हतं गाठी । तरी बाई नाही फसली ॥

भाजी करपली. तिच्यावर चौथी ओवी घरातले रचतायत.

चहाबाज:

ताई, दंडवत. "एक वर बांधली, तीच भरते आहेरात". आमच्या आजीचं म्हणणं नेमकं हेच होतं, शंभर दिले तर विसरतात, एकशे एक दिले तर वहीत लिहितात.

दगडफूल:

मला स्पष्ट बोलायची सवय आहे, राग मानू नये. हे जे चाललंय ते मला पटलेलं नाही. महाराष्ट्रातल्या पहिल्या मोठ्या राजघराण्याचा लेख, त्या काळातल्या एका कर्तबगार स्त्रीची आठवण, आणि आपण तिथे जाऊन टोल आणि आहेराचे विनोद करतो. मूर्ती फुटल्या याचं वाईट वाटायचं सोडून "धडेही उडाली" म्हणून टाळ वाजवायचे? लेण्यात लोक आधीच धिंगाणा घालतात, त्याला हे खतपाणी नाही का?

घाटकरी:

दगडफूल, राग नाही. पण एक सांगतो. तिथे त्या दिवशी पन्नासेक माणसं असतील. लेण्यात येऊन बहुतेकांनी पाऊस थांबायची वाट बघितली. भिंतीकडे पाठ. मागच्या भिंतीखाली पावलं आहेत हे शेजारच्या पोरांना आमच्या अभंगानंतर कळलं. मी मोठ्यानं म्हटला, ती हसली आणि मग वाकून शोधायला लागली. एकानं तर खरंच बूट काढले.

ज्याची थट्टा करायची त्याच्याकडे आधी बघावं लागतं हो. आणि माझ्या तीनही कवितांत फजिती कुणाची झालीय ते बघा. माझ्या खिशाची, आमच्या साहेबांची, माझ्या छत्रीची. राणीला मी धक्का लावलेला नाही, लावेन तर भाची घरात घेणार नाही.

बाकी धिंगाण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. लेण्याबाहेर कातळावर कुणी तरी बदाम कोरून ठेवलाय. त्यावर हे परत येताना गाडीत सुचलं होतं, बोचरं म्हणून टाकलं नव्हतं:

यज्ञ घातले, हत्ती दिधले, लेख कोरला नंतर
बंड्या आला, बदाम काढुन निघून गेला झरझर
राणीचे ते नाव अजूनी वाचायाला पंडित
बंड्याच्या त्या बदामातले नाते झाले खंडित

कातळवेडी:

दगडफूल, तुमची तळमळ समजते. पण सातवाहनांनाच विनोदाचं वावडं होतं असं मात्र म्हणू नका. 'गाथासप्तशती' याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे छोट्या कविता. देवादिकांची स्तुती त्यात थोडी. बाकी गावातली माणसं, शेतं, चोरून भेटणारी जोडपी, खट्याळ सुना, कुणाच्या तरी अंगाशी आलेली लबाडी. दोन ओळींत चित्र उभं करायचं आणि शेवटी हळूच चिमटा काढायचा ही रीत आपल्या मातीत तेव्हापासूनची आहे. नाणेघाटाच्या वाटेनं बैल हाकणारे लोक अशाच काही गाथा म्हणत चढत असतील, ही माझी कल्पना, पुरावा मागू नये.

मात्रामास्तर:

गाथेचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. प्राकृतात जी गाथा तीच संस्कृतात आणि पुढे मराठीत आर्या. पहिल्या ओळीत 12 आणि 18 मात्रा, दुसरीत 12 आणि 15. दुसरी ओळ तीन मात्रांनी आखूड असते, आणि गंमत तिथेच आहे. कान अठराची वाट बघत असतो आणि पंधरालाच ओळ संपते. चिमटा काढून हात मागे घेतल्यासारखं. मोरोपंतांनी हिच्यात भारत लिहिलं, पण माझ्या मते हिचा खरा पिंड खोडकर आहे.

सकाळी दूधवाला आला तेव्हा एक झाली. कातळवेडींच्या 1,700 गाई डोक्यात होत्याच:

सतराशे गायींचा राणीने ह्या हिशेब कोरावा!
दुधपिशवीच्या पायी भांडण-तंटा घरी व्हावा!

ज्यांना हौस असेल त्यांनी मोजून बघा. पहिल्या ओळीत सहावा गण 'हिशेब', लघु-गुरु-लघु, नियमाप्रमाणे आपोआप पडला. त्यासाठी मी स्वतःला अर्धा कप चहा जास्त दिला.

ओवीताई:

मास्तर, भांडणात कोण जिंकलं ते लिहिलं नाहीत. म्हणजे कळलं.

नवखा_भटक्या:

मी पण मागच्या वर्षी गेलो होतो ग्रुपबरोबर. माझी पण एक कविता. पहिलीच आहे, सांभाळून घ्या.

डोंगरावर चढलो आम्ही, सेल्फी काढली छान
खाली उतरून चहा प्यायलो, भिजले आमचे कान
धुके होते, वारा होता, मित्र होते साथ
निसर्गाच्या कुशीत गेलो घालून हातात हात

घाटकरी:

नवखा, स्वागत! कान भिजल्याचं आवडलं. पण एक करून बघ. या कवितेतून नाणेघाट काढ आणि हरिश्चंद्रगड घाल. चालते? मग राजमाची घाल. तीही चालते. म्हणजे ती अजून कुठल्याच जागेची झालेली नाही. आमचंही सुरुवातीला असंच होतं. माझ्या पहिल्या खरड्यात धुकं, भजी आणि घसरून पडलेला मित्र होता, तो कागद भाचीनं होडी करून उलट्या धबधब्यात सोडला. होडी परत आमच्याच अंगावर आली, ते वेगळं.

तुला तिथे असं काय दिसलं जे दुसरीकडे दिसणार नाही? छान-बिन नको. जे दिसलं ते.

नवखा_भटक्या:

रांजणात वाकून बघितलं होतं. पावसाचं पाणी साचलेलं. आणि वेफर्सची रिकामी पाकिटं तरंगत होती तीन, एक बाटली. आम्ही ती काढली बाहेर, पण मित्र म्हणाला राहू दे, आजकालचा टोल असेल. यात कविता आहे का?

घाटकरी:

अरे, मित्रानं केलीच की! फक्त ओळी पाड.

कातळवेडी:

आणि पाकिटं बाहेर काढलीत त्याबद्दल तुम्हा दोघांना माझ्याकडून 17 चांदीच्या घागरी. लेखी.

नवखा_भटक्या:

रात्रभर बोटं मोजली. आई विचारत होती कसला हिशेब चाललाय.

वाकुन बघता रांजणात मी दिसली ताजी जकात
तीन पाकिटे, एक बाटली, बाकी पाणी आत

मात्रामास्तर:

शाब्बास! "ताजी जकात" हे दोन शब्द मला सुचले असते तर आठवडाभर मिरवलो असतो. दुसऱ्या ओळीत शेवटी एक मात्रा कमी पडते. असू दे, घाटातून जाताना एक मात्रा जकात म्हणून कापली असं समजू.

चहाबाज:

क एक.

ओवीताई:

क एक. हे आता इथे रूढ होणार, बघा.
घाटकरी, भाचीला विचारा, वानरलिंगीवर काही रचलंय का तिनं? जीवधनच्या कुशीतला तो सुळका बघून आमची नात म्हणाली होती, "डोंगरानं बोट वर केलंय, त्याला उत्तर येतंय." मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं, पुढची ओळ अजून सापडलेली नाही.

घाटकरी:

विचारलं. ती म्हणते, "पण बाई त्याला विचारतच नाहीत." ही घ्या तुमची पुढची ओळ. मी मध्ये पडत नाही.

ओवीताई:

अगं बाई! घेतली. यमक नको तिला, अशीच ठेवते.

दगडफूल:

धागा दोनदा वाचला. मी शाळेत शिक्षक होतो, तीस वर्षं हजेरी घेतली. पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं त्यातलं भिंतींवर कोरण्याबद्दलचं मागे घेत नाही. बाकीच्यातलं थोडं घेतो. मीही मागच्या भिंतीसमोर उभा राहिलो आहे, पुष्कळ वर्षांपूर्वी, आणि तेव्हा जे मनात आलं होतं ते आज कागदावर उतरवलं. छंदाचं मास्तरांनी बघावं, मला त्यातलं कळत नाही.

नावे थोडी उरली वरती, खाली केवळ पाय
नाव पुकारा, 'हजर' म्हणाया तोंड राहिले काय?

मात्रामास्तर:

सोळा आणि अकरा, दोन्ही ओळींत. सर, हजेरी बरोबर लागली आहे.
आणखी एक. मात्रा मोजताना मी पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा मोजायला गेलो तेव्हा नाही हसू आलं.

घाटकरी:

सर, डिसेंबरात पुन्हा जातोय. धुकं नसतं, अक्षरं स्वच्छ दिसतात. जुन्नरकडून घाटघरमार्गे गाडी वरपर्यंत जाते, तुम्हाला चढावं लागणार नाही. येताय का? भाची म्हणते, हजेरी ती घेईल.